झाकलेला सूर

चहा समोर ठेवला की माझा दादा आधी त्याच्याकडे नुसता बघत बसायचा. मग एक फुंकर, मग परत बघणं, आणि वर साय धरून चहा पार गार झाला की एका घोटात संपवायचा. मला ते बघवत नसे. गरम प्यायचा नसेल तर चहा मागावाच कशाला माणसानं, असं मी दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी त्याच्यासाठी आधण ठेवायचे. त्याचा वरचा ओठ मधोमध फुटलेला असे. थंडीत सगळ्यांचे फुटतात तसा नव्हे. बारा महिने, तिथंच, ट्रम्पेटच्या माऊथपीसची कड टेकते नेमक्या त्या जागी. गरम काही लागलं की त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि तो खिडकीकडे तोंड करून म्हणायचा, आज धूळ फार आहे.

दादा बसच्या आगारात डेंटर. कुठंतरी धडकून बसचा पत्रा आत गेला की ती बस त्याच्यापुढं आणून उभी करायची आणि त्यानं आतून हातोडी मारून पोचा बाहेर काढायचा. दिवसभर ठण ठण ठण. संध्याकाळी घरी आला तरी त्याच्या कानात ते चालूच असायचं, त्यामुळे आपण काही विचारलं तर उत्तर जरा उशिरा यायचं. त्याचं लग्न राहून गेलं. ‘राहून गेलं’ हा त्याचाच शब्द, बसमध्ये छत्री राहून गेल्यासारखा. खोली एक, खिडकी एक, खुंटीवर आगाराचा निळा कोट, आणि कपाटावर ट्रम्पेटची पेटी.

रविवारी सकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर नगर बँड वाजतो. त्यात दादा दुसरा ट्रम्पेट आणि पहिला ट्रम्पेट आमचे मास्तर. मास्तर म्हणजे माझा नवरा. कापडाच्या मोठ्या दुकानात ते कटिंग मास्तर, म्हणून सगळेच त्यांना मास्तर म्हणतात आणि मीही लग्नाआधीपासून तेच म्हणते. मुळात ते दादाचे मित्र. दादानं त्यांना एकदा जेवायला आणलं. ते जेवून गेले, परत आले, परत जेवून गेले. शेवटी आईनं दादाला विचारलं, ह्यांचं ताट कायमचंच मांडायचं का. अशानं माझं लग्न झालं.

पहिला आणि दुसरा ह्यात लोकांना फरक कळत नाही. पहिल्यानं वर चढायचं, दुसऱ्यानं खालून शिडी धरायची. टाळ्या वर चढलेल्याला मिळतात. मास्तरांना त्या आवडायच्या आणि शोभायच्याही. पांढरे हातमोजे, मान ताठ, वाजवून झालं की लोकांकडे न बघता ट्रम्पेट मांडीवर ठेवायची ती ऐट. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते, दिवसभर लोकांना खालची ओळ वाचा बरं म्हणत. रविवारी त्या माणसाची बायको म्हणून बाकावर बसायला मलाही बरं वाटायचं, उगीच खोटं का बोला.

आता बँडवाल्यांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पितळी वाद्य ओठानं वाजतं. ओठ थकला की सूर मधेच सुटतो आणि नुसती फुस्स हवा येते. अशा वेळी शेजारचा माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सूर स्वतः उचलतो. ज्याचा सुटला त्यानं वाद्य तोंडाला तसंच धरून ठेवायचं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. ह्याला ते ‘झाकणं’ म्हणतात. आणि झाकलं ते झाकलं. नंतर त्याबद्दल कुणी बोलत नाही, आभारही मानत नाही. मानले तर तो अपमान समजतात. आज तू माझं झाक, उद्या मी तुझं, असं चालतं.

पण मास्तरांचा वरचा एक दात काढावा लागला आणि त्यानंतर त्यांच्या ओठात कुठंतरी बधिरपणा राहिला. खालचे सूर ठीक. वरचा लांब सूर सुरू झकास व्हायचा आणि अर्ध्यावर निसटायचा. दादा झाकायचा. पुढच्या रविवारी परत. त्याच्या पुढच्या रविवारी परत. ओठ बरा होईल, होईल म्हणता म्हणता वर्षं गेली. बँडमधला प्रत्येक उंच सूर अर्धा मास्तर सुरू करायचे आणि उरलेला दादा ओढून न्यायचा. शिवाय स्वतःचं वाजवायचं ते वेगळंच. एका ओठावर दोघांचं काम.

मला हे कुणी सांगितलं नाही. मला ऐकू यायचं. आम्ही लहानपणी दोन खोल्यांत वाढलो. दादा न्हाणीघराचं दार लावून, ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून सराव करायचा. मास्तरांचा सूर धाडकन दार उघडून आत येतो. दादाचा सूर कुणी झोपलंय म्हणून हळूच दार लोटावं तसा येतो. बागेत बाकावर बसून मी मास्तरांच्या तोंडाकडे बघायचे आणि मला दादा ऐकू यायचा. एकदा मी त्याला आडून विचारलं. म्हणाला, दाताचं आहे, जाईल महिन्याभरात. मग मीही मूग गिळले. मास्तर घरी येऊन कोट काढता काढता म्हणायचे, आज वरचा लागला हं. आणि समोर बसून चहा गार करत असलेला दादा म्हणायचा, लागला.

असं चाललेलं असताना ती संगीतकार बाई आली. मोठ्या शहरात शिकलेली, केस बारीक कापलेले, थंडी नसताना गळ्यात मफलर. नगरपालिकेनं तिला गावातल्या वादकांसाठी काहीतरी नवीन लिहायला सांगितलं होतं. तिनं पाच जण निवडले. मास्तर आणि दादा, हॉर्न वाजवणाऱ्या भूगोलाच्या शिक्षिका, ट्रॉम्बोनवाला नळकामगार, आणि भलामोठा ट्यूबा वाजवणारा पिंप. त्याला पिंप हे नाव वाद्यावरून पडलं की अंगावरून, हे तोही सांगत नाही.

तालमी भूगोलबाईंच्या शाळेत व्हायच्या. दुकानातून घरी जाताना शाळा वाटेतच, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. संगीतकार बाईनं आणलेले कागद मास्तरांच्या बेतायच्या कागदाएवढे मोठे होते. त्यात ताल नाही, ठेका नाही, गुणगुणता येईल असं काही नाही. एका जागी लिहिलेलं, सूर नको, नुसती हवा सोडा. दुसरीकडे, फक्त बटणं दाबल्याचा आवाज. पिंपानं माऊथपीस काढून त्यातून कुजबुजायचं. आणि मधेमधे मोठमोठ्या कोऱ्या जागा, जिथं सगळ्यांनी वाद्य खाली ठेवून थांबायचं. पिंप म्हणाला, न वाजवायलाच बोलावलंय तर घरी बसून नसतं का वाजवलं. सगळे हसले, संगीतकार बाईसुद्धा. मग तिनं त्याला परत तिथूनच सुरू करायला लावलं.

मास्तरांना ते आवडलं नाही. पितळेचा अपमान आहे म्हणाले. दादाला मात्र आवडलं. ह्या माणसाला कधी काही आवडल्याचं मी ऐकलं नव्हतं. एका रविवारी त्यानं आमच्या टेबलावर त्याचा कागद पसरला, हातोडीखाली चेपलेलं आपलं बोट एका कोऱ्या जागेवर ठेवलं आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं.

“हे बघ,” तो मला म्हणाला. “इथपासून इथपर्यंत मला काही नाही.”

“मग?”

“मग काही नाही. गप्प उभं राहायचं. तसं लिहूनच दिलंय.”

लोक पेन्शनबद्दल बोलतात तसं तो बोलला. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

ती कोरी जागा शेवटाकडे होती. तिथं बाकीचे चौघं थांबतात आणि पहिला ट्रम्पेट एकटा उरतो. एकच सूर, खूप उंच, अगदी नसल्यासारखा सुरू होणारा, फुगत जाणारा आणि मग बारीक होत विरणारा. कुणाचा आधार नाही, पाठीमागं कुणी नाही. सगळं जे काही चाललेलं असतं ते ह्या एका सुरासाठी चाललेलं असतं, असं संगीतकार बाईनं समजावलं. तालमीत ते पाच जण गोल करून बसायचे, दादा नेहमीप्रमाणे मास्तरांच्या डाव्या हाताला. सूर सुरू झाला, अर्ध्यावर आला आणि मला दार हळूच लोटल्याचं ऐकू आलं. संगीतकार बाई डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, हाच सूर, मला हाच हवाय. मास्तर फरशीकडे बघत हं म्हणाले. दादा ट्रम्पेट वाकडी करून आतलं पाणी काढत होता. ज्या जागी त्याला गप्प बसायचं लिहून दिलं होतं तिथंसुद्धा तो राबला होता.

मग तिनं सांगितलं की कार्यक्रम शाळेत नाही, जुन्या बंद पडलेल्या बाजारात आहे. तो बाजार मी लहानपणापासून बघितलेला. उंच पत्र्याचं छप्पर, भोवती लोखंडी गॅलरी, कोपऱ्यात गोल जिना, मागं माल उतरवायचं फाटक. लोक मधे बसतील आणि वादक पाच टोकांना उभे राहतील. पहिला ट्रम्पेट वर गॅलरीत घड्याळाखाली. दुसरा मागच्या फाटकापाशी. शेजारी कुणी आहे हे प्रत्येकानं विसरायला हवं, असं ती म्हणाली, आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन ट्रम्पेट तरी जवळ ठेवता येतील का, असं त्यानं विचारून बघितलं. तिनं हिडीसफिडीस केलं नाही, नीट समजावलं. हे लिहिलंयच अंतरासाठी, जवळ आणलं तर काही उरत नाही. तिचं बरोबरच होतं. तिला बिचारीला काय ठाऊक.

त्या रविवारी जेवताना दादानं विषय काढला. मी वाढत होते.

“मास्तर, वर मी जाऊ का? तू खाली फाटकापाशी उभा राहा.”

मास्तरांनी विचारलं, का. दादा म्हणाला, हौस आहे. ह्या माणसाला आणि हौस. खोटं बोलायचं तर निदान तोंडाला शोभेल असं तरी बोलावं. मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“इतकी वर्षं शेजारी बसून माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून होतास होय?”

बोलण्यासारखं दादापाशी फक्त खरं होतं आणि ते त्याला बोलायचं नव्हतं. उठला, आमच्याकडे कधी घासलं नव्हतं ते ताट घासून पालथं घातलं, आणि चहा न घेता गेला. मास्तर उरलेलं सगळं जेवले. पुढच्या तालमींना दोघं वेगवेगळ्या वाटांनी आले आणि वेगवेगळ्या वाटांनी गेले.

मला दोघांचा राग आला होता. राग माझ्या नाकावरच असतो, पण हा वेगळा होता. त्या जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मी आगारात गेले. दादा एका बसच्या आत, काढून टाकलेल्या सीटांच्या जागी उकिडवा बसला होता. मी पायरीवर उभी राहून सांगितलं की आता पुरे झालं, मास्तरांना काय ते स्पष्ट सांगून टाक, नाहीतर मी सांगते.

“नको,” तो म्हणाला. “कळलं तर तो परत ट्रम्पेट हातात धरणार नाही. दुकानात कापडं कापण्यापलीकडे त्याला दुसरं काय आहे?”

“आणि तुला काय आहे?”

त्यानं पत्र्यावर दोन ठोके घातले. मग हातोडी मांडीवर ठेवली.

“मला ही एक गोष्ट लिहिलीय तशी वाजवायचीय गं. एकदाच. वाजवायचं तिथं वाजवायचं, थांबायचं तिथं थांबायचं.”

मग थांब की, मी म्हणाले. इतकं सोपं आहे. त्यानं हातोडीचं डोकं अंगठ्यानं पुसलं.

“वर त्याचा सूर तुटेल. चारचौघांत. आणि तो तुटतोय हे माहीत असून मी खाली उभा असेन. म्हणजे मीच तोडला की.”

मग म्हणाला, फाटकापासून वाजवला तरी उपयोग नाही, लोक माना वळवून बघतील की आवाज कुठून आला, त्याची जास्तच शोभा होईल. त्याला सगळं कळत होतं. फक्त स्वतःच्या हातांचा त्याला भरवसा नव्हता. सूर सुटला की हात आपोआप उठतात म्हणाला, विचारत नाहीत. त्या जागेला ट्रम्पेट खुर्चीवर ठेवून हात कोटाच्या खिशात घालणार, असं त्यानं ठरवलं होतं. त्याचा ओठ त्या दिवशी सुजून वर आलेला होता. मी निघताना त्यानं परत हातोडी उचलली.

कार्यक्रम संध्याकाळी होता. बाजारात अजून मांस टांगायचे आकडे होते आणि ओट्यांच्या फरशीला कितीही धुतली तरी जुना वास होता. लोक बरे जमले होते, निम्मे वादकांच्या घरचे. मी कडेची खुर्ची धरली, जिथून मान जरा फिरवली की गॅलरीही दिसते आणि फाटकही. मास्तर घड्याळाखाली हातमोजे घालून उभे. दादा फाटकापाशी, निळ्या कोटात. धुवून इस्त्री केला होता तरी तो आगाराचाच कोट होता.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण त्या पत्र्याखाली जे सुरू झालं ते मला ओळखीचं वाटलं. बसचं दार उघडताना सुटते तशी हवा. लांब कुठंतरी नळ खडखडतोय. कुणीतरी वरून काहीतरी बोललं, खालून कुणीतरी अर्धवट उत्तर दिलं आणि पुढचं बोलायचा कंटाळा केला. सगळं गाव दिवसभराच्या कामावरून परत येतंय आणि कुणालाच कुणाशी बोलायचं त्राण नाही, असं काहीतरी. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोला हळूच म्हणाला, सुरू झालं का? ती म्हणाली, मघाशीच. दादाचे सूर मागून यायचे, थोडे, लिहिलेले तेवढेच, मऊ. त्याला एकट्याला, स्वतःच्या नावानं वाजवताना मी न्हाणीघरानंतर पहिल्यांदा ऐकत होते. किती छान वाजवतो हा, मला वाटलं. रडूच आलं.

मग ती जागा आली. हॉर्न थांबला, ट्रॉम्बोन थांबला, पिंपानं शेवटचा श्वास सोडला. दादानं ट्रम्पेट शेजारच्या खुर्चीवर ठेवली. हात खिशात घातले. वर मास्तरांनी ट्रम्पेट उचलली.

सूर आला. मास्तरांचाच. हळू असला तरी त्याची धडक मला कळते. तो वाढला, पत्र्याला जाऊन लागला, सगळा बाजार त्यानं भरला, आणि नेहमीच्या जागी, अगदी नेहमीच्या जागी, निसटला. नुसती हवा येत राहिली.

मास्तरांनी ट्रम्पेटकडे बघितलं नाही. खाली उभ्या संगीतकार बाईकडेही बघितलं नाही. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट मागच्या फाटकाकडे बघितलं. नळाचं पाणी गेलं की माणूस वरच्या टाकीकडे बघतो तसं. ट्रम्पेट ओठाला तशीच होती, बोटं बटणांवर तशीच होती. ते सूर यायची वाट बघत होते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या रविवारपासून माहीत होतं. आज वरचा लागला हं, म्हणताना माहीत होतं. दादाला ते ताटावर जे बोलले तेही माहीत असून बोलले. माणूस घाबरला की असंच वाटेल ते बोलतो, हे मला आज समजतं. त्या वेळी मात्र मला वाटलं, गोल जिना चढून वर जावं आणि ते हातमोजे ओढून काढावेत.

दादालाही ती नजर कळली. इतक्या लांबून कळली. त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला. ट्रम्पेटवर येऊन थांबला. मी मनात नको नको म्हणत होते आणि त्याच दमात वाजव रे म्हणत होते. मग तो हात परत खिशात गेला. दादानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे उतरले, ओझं खाली ठेवल्यावर उतरतात तसे.

मास्तर थांबून राहिले. मग त्यांनी ट्रम्पेट खाली घेतली, हाताच्या पालथ्या बाजूनं ओठ पुसला, परत लावली, आणि तोच सूर खाली, जिथं त्यांचा ओठ अजून चालतो तिथं, वाजवला. घोगरा, मधे चिरकलेला, फार वेळ न टिकलेला. पण धाडकन आत आलेला आणि शेवटपर्यंत त्यांचा. नंतर बाकीच्यांनी शेवटच्या कागदावरची हवा सोडली आणि ते संपलं. संपलंय हे लोकांना कळायला जरा वेळ लागला. टाळ्या उशिरा पडल्या.

लोक खुर्च्या सरकवत होते तेव्हा दादा पेटी घेऊन गोल जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागं. मास्तर कठड्याला धरून एकेक पायरी उतरले आणि शेवटच्या पायरीशी थांबले.

“वाजवला नाहीस,” ते म्हणाले.

“नाही.”

“मी वाट बघत होतो.”

“बघितलं मी.”

मास्तर तिथंच पायरीवर बसले. हातमोजे काढले, मुडपले, परत उलगडले. वर बघायला त्यांना जड जात होतं, पण बघितलं त्यांनी. दादाच्या ओठाकडे. समोर बसून जेवणाऱ्या माणसाचा तो ओठ ते वर्षानुवर्षं बघत आले होते.

“दमलास का रे?”

दादानं तोंड उघडलं. मला वाटलं, धूळ आहे म्हणणार.

“दमलो,” तो म्हणाला. “फार दमलो रे, मास्तर.”

मास्तर पायरीवर थोडे सरकले. दादा शेजारी बसला, पेटी मांडीवर घेऊन. दोघांना सुनावायचं म्हणून मी केवढं तरी तयार करून आणलं होतं. ते तसंच ठेवून मी भूगोलबाईंना खुर्च्या रचायला मदत करत बसले.

पुढच्या रविवारी बागेत मास्तरांनी पहिल्याच्या जागेवरचं आपलं कागद ठेवायचं स्टँड उचललं आणि दुसऱ्याच्या जागेवर नेऊन ठेवलं. पहिली खुर्ची रिकामी राहिली. ओठ बरा होईपर्यंत येणार नाही, असं दादानं बँडप्रमुखाला सांगून टाकलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा कशाला तरी नाही म्हटलं. तो माझ्याशेजारी बाकावर बसला होता, हात कुठं ठेवावेत हे न कळून. मी थर्मासमधून चहा ओतून त्याला दिला. तो त्याच्याकडे बघत बसला.

नेहमीचीच चाल सुरू झाली. वर चढायची जागा आली आणि तिथं काही आलं नाही. मोठं भोक पडलं होतं. खालून ट्रॉम्बोन आणि पिंप चालत राहिले, आणि मास्तर मान खाली घालून दुसऱ्याचे सूर वाजवत राहिले. दोन-चार लोकांनी चौथऱ्याकडे बघितलं, मग परत आपापल्या बोलण्याला लागले. माझ्या शेजारी दादाचे ओठ घट्ट मिटले होते, कोपरे ताणले होते, वाजवायच्या आधी ताणतो तसे. उजव्या हाताची बोटं कपावर बटणं दाबत होती. मी त्याच्या दंडाला हात लावला.

“पी. निवतोय.”

त्यानं कप तोंडाला लावला आणि गरम चहाचा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. धुळीचं नाव काढलं नाही.